पोर घरी येतेय, पण निर्णय कोणाचे?

प्रश्न: आम्ही कॅलिफोर्नियात फ्रिमॉन्टला राहतो. दोघंही नोकरी करतो, नऊ वर्षांचा एक मुलगा आहे. बराच विचार करून काउंटीकडे, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाकडे, फॉस्टर पालकत्वासाठी (आई-वडिलांपासून काढलेलं मूल तात्पुरतं सांभाळण्यासाठी) अर्ज केला. प्रशिक्षण, बोटांचे ठसे, घराची तपासणी असं सगळं पार पडून नुकतीच मंजुरी मिळाली. आता चार वर्षांच्या एका मुलीसाठी फोन आलाय, पुढच्या आठवड्यात ती येईल. आमच्या घरी मांसाहार शिजत नाही. ऑगस्टमध्ये सासू-सासरे पुण्याहून चार महिन्यांसाठी येताहेत आणि डिसेंबरमध्ये त्यांच्यासोबतच आम्ही सगळे भाच्याच्या लग्नाला भारतात जाणार आहोत. मुलीबाबत काय आम्ही ठरवू शकतो आणि काय नाही? खर्चाला मदत काय मिळते? मंडळातल्या लोकांना काय सांगायचं? आणि शेवटचं म्हणजे, ती कायमची आमच्याकडेच राहील, याची शक्यता किती?

उत्तर: सासू-सासऱ्यांची तिकिटं अजून काढली नसतील तर आधी तोच विषय घेऊ. तुमच्या पत्रात ते सहज लिहून गेलाय, पण पहिला घोळ नेमका तिथेच होतो. फॉस्टर मूल असलेल्या घरात राहणाऱ्या किंवा तिथे नेहमी येजा असणाऱ्या प्रत्येक प्रौढ माणसाची पार्श्वभूमी तपासली जाते. चार महिने मुक्काम ठोकणारे आजी-आजोबा आपल्या लेखी पाहुणे असले, तरी काउंटीच्या लेखी ते घरात राहणारे लोक. तुम्ही जसे लाइव्ह स्कॅनचे ठसे दिलेत तसे त्यांनाही द्यावे लागतील असंच धरून चाला. सोशल वर्करला आजच ईमेल टाका आणि कोण येणार, कधीपासून, किती दिवस, कुठल्या खोलीत झोपणार हे सगळं लिहा. झोपायच्या जागेचे नियमही कडक आहेत. आजी-आजोबांना खोली दिली आणि पोरांच्या गाद्या हॉलमध्ये टाकल्या, असं चालायचं नाही.

त्यांच्यासोबत येणाऱ्या औषधांचंही आत्ताच ठरवा. आजोबांचा सोमवार-मंगळवारचे कप्पे असलेला गोळ्यांचा डबा जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी असतो आणि आजींची बीपीची पाकिटं पर्समध्ये, पर्स सोफ्यावर. हे सगळं मुलांच्या हाती लागणार नाही असं कुलपात गेलं पाहिजे. तुमच्या क्रोसिनपासून ते बाथरूममधल्या क्लीनरपर्यंत सगळ्याला हाच नियम. शिवाय आजींना प्रेमाने पण स्पष्ट सांगा की हिला काढा, चाटण, गुटी काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही. काजळ तर अजिबात नको. बाजारातल्या काही काजळांमध्ये शिसं सापडलेलं आहे, आणि तुमच्या हौसेपोटी या मुलीच्या रक्तात शिसं निघालं तर त्याचं उत्तर तुम्हाला कोर्टात द्यावं लागेल.

आता मूळ प्रश्न. एक गोष्ट मनात पक्की करा. मुलगी तुमच्या घरात राहणार असली तरी तिची कायदेशीर जबाबदारी कोर्टाकडे असते, आणि तिच्या आई-वडिलांचे हक्क संपलेले नसतात. तुमच्याकडे सोपवलेला असतो तो तिचा रोजचा दिवस. तो दिवस कसा घालवायचा याची मोकळीक मात्र लोकांना वाटते त्यापेक्षा बरीच जास्त आहे. पूर्वी मैत्रिणीच्या वाढदिवसाला पाठवायचं तरी परवानगी मागत बसावं लागायचं. २०१४ च्या केंद्रीय कायद्याने सगळ्या राज्यांना सांगितलं की शहाणा, काळजीवाहू पालक जे निर्णय सहज घेतो ते फॉस्टर पालकांनाही घेऊ द्या. त्यामुळे शाळेची सहल, पोहण्याचा क्लास, शेजारच्या मुलीकडे रात्री झोपायला जाणं, मंडळाची रविवारची मराठी शाळा, हे सगळं तुम्ही ठरवायचं. एखाद्या संध्याकाळी बेबीसिटर ठेवायची झाली, तर चोवीस तासांपर्यंतच्या अधूनमधूनच्या कामासाठी तिचे ठसे लागत नाहीत. मात्र ती विश्वासाची आहे ना आणि तिला मुलीची औषधं, अॅलर्जी, आणीबाणीचे फोन नंबर माहीत आहेत ना, हे पाहणं तुमच्याकडे.

डॉक्टरांकडे नेहमीची तपासणी, लसी, दातांची सफाई यांना तुम्ही संमती देऊ शकता. शस्त्रक्रियेला नाही. मनावर किंवा वागण्यावर परिणाम करणारी औषधं सुरू करायची असतील तर कोर्टाची परवानगी लागते, त्यासाठीच्या अर्जाला इथे जेव्ही-२२० म्हणतात. मूल रात्रभर रडतंय म्हणून बालरोगतज्ज्ञाने असलं काही लिहून दिलं, तरी थांबा आणि आधी सोशल वर्करला फोन करा. केस बारीक कापणं, कान टोचणं हे आपल्याकडे किरकोळ असलं, तरी आईला विचारल्याशिवाय करू नका. बायकोने परस्पर लेकीचे केस कापून आणले तर घरात काय होतं ते आठवा, आणि या आईची लेक तर आधीच तिच्यापासून लांब आहे.

केसांचा विषय निघालाच आहे तर थोडं सविस्तर सांगते. मुलगी आफ्रिकन-अमेरिकन असेल तर आपलं रोज-दोन दिवसांनी न्हाऊ घालणं आणि बारीक दातांचा कंगवा तिच्या केसांची वाट लावेल. आठवड्यातून एकदा धुणं पुरतं. केस ओले आणि कंडिशनर लावलेले असताना रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे सोडवत जायचं, आणि झोपताना सॅटिनची टोपी. तिच्या आईला पहिल्या भेटीतच विचारा, "हिच्या केसांना काय लावता?" यात ओशाळण्यासारखं काही नाही. उलट मुलीची माहिती त्या बाईकडे आहे आणि तुम्ही ती मागताय, हे तिला कळतं. वकिलांनी भरलेल्या खोलीत तिला असा प्रश्न कोणी विचारलेला नसतो.

भारताचा प्रवास ही अर्थातच तुमच्या अधिकारातली गोष्ट नाही. राज्याबाहेर न्यायलाच आधी परवानगी लागते, देशाबाहेर न्यायला कोर्टाचा आदेश. त्यातच पासपोर्ट नसणार, आणि महिनाभर गेलात तर आईच्या ठरलेल्या भेटी बुडणार. पहिल्याच वर्षी कोर्ट याला हो म्हणेल अशी आशा धरू नका. दोन वाटा उरतात. एकतर कुटुंब परत येईपर्यंत तिला रेस्पाइट म्हणजे दुसऱ्या मंजूर घरी ठेवायचं, किंवा तुमच्यापैकी एकाने मागे राहायचं. मी दुसरी सांगेन. एक घर सुटून आलेल्या चार वर्षांच्या मुलीला सहा महिन्यांत पुन्हा बॅग भरायला लावणं मला पटत नाही. भाचा रागावेल, पण लग्नाचा व्हिडिओ कॉल होतो.

शाकाहाराचं तुम्ही फार मनावर घेतलेलं दिसतंय. घर शाकाहारी असायला कुणाची ना नाही, मूल शाकाहारी झालंच पाहिजे हा हट्ट मात्र चालत नाही. पोटभर आणि पौष्टिक खायला मिळणं आणि आपली संस्कृती जपता येणं, हे दोन्ही फॉस्टर मुलांचे हक्क म्हणून कॅलिफोर्नियाच्या कायद्यात लिहिलेले आहेत. चिकन नगेट्स आणि मॅकॅरोनी-चीजवर वाढलेल्या पोरीसमोर पहिल्या रात्री वरण-भात-तूप ठेवलंत आणि तिने तोंड फिरवलं, तर तो तुमच्या स्वयंपाकाचा अपमान नव्हे. तिला ओळखीचं काहीतरी हवंय. फ्रीजरमध्ये नगेट्सचं पाकीट ठेवा, वेगळा तवा वापरा, किंवा बाहेरून आणा. सासूबाईंना जड जाईल, त्याची बोलणी मुलगी यायच्या आधीच उरकून घ्या. हळूहळू ती पोळी-साखरेचा रोल मागेलही. जेवण हे शिक्षा किंवा बक्षीस म्हणून वापरायचं नाही, "संपवल्याशिवाय उठायचं नाही" हेही नाही. अशी काही मुलं उशीखाली ब्रेड किंवा केळं लपवून ठेवतात. सापडलं तर ओरडू नका. तिच्या हाताला येईल अशा खालच्या कप्प्यात तिच्या नावाचा डबा ठेवा, त्यात राजगिऱ्याचे लाडू, क्रॅकर्स, केळी, आणि तिला दाखवा की हा रोज भरलेला असतो. नट्सची अॅलर्जी आहे का हे मात्र लाडू-मोदकाच्या आधी विचारून घ्या.

हात उगारायचा नाही. एक धपाटासुद्धा नाही, पाठीत गुद्दा नाही, खोलीत कोंडणं नाही. "आम्ही तर मार खाऊनच मोठे झालो" हे वाक्य आजोबांच्या तोंडी येण्याआधी त्यांना कारण सांगून ठेवा. नियम घरातल्या प्रत्येकाला लागू आहे, आणि तो मोडल्यावर मंजुरी जाते ती तुमची.

वही घाला. साधी दोनशे पानी चालेल, फोनमधलं अॅप नको, कारण ते दोघांपैकी एकाच्याच फोनमध्ये असतं. मुलगी येईल त्या दिवशी तिच्या अंगावरच्या जुन्या खुणा, व्रण, ताप, तिने सोबत काय काय आणलं (बहुतेक वेळा कचऱ्याच्या पिशवीत कोंबलेले कपडे असतात, त्यासाठी मनाची तयारी ठेवा) हे लिहून सोशल वर्करची सही घ्या. त्यानंतर रोज दोन-तीन ओळी. कशा? "मंगळवार. आईची भेट ४ ते ५. आई वीस मिनिटं उशिरा आली, पुस्तक आणलं होतं. परत येताना गाडीत गप्प. रात्री दोनदा उठली, अंथरूण ओलं." एवढंच. "आईला काळजीच नाही" असं लिहायचं नाही, कारण ते तुमचं मत झालं आणि वही उद्या कोर्टात वाचली जाऊ शकते. पडली, खरचटलं, तर त्याच दिवशी कळवायचं आणि लिहायचंही. औषधाचा प्रत्येक डोस वेळेसकट. पावत्या मागच्या कव्हरला लावलेल्या पाकिटात.

मुलगी दारात येईल तेव्हा सोशल वर्कर घाईत असेल, तरी चार गोष्टी हातात घेतल्याशिवाय तिला जाऊ देऊ नका. प्लेसमेंटची कागदपत्रं, मेडी-कॅलचा (राज्याच्या सरकारी आरोग्य विम्याचा) नंबर, मुलीच्या तब्येतीची आणि शिक्षणाची नोंद असलेला हेल्थ अँड एज्युकेशन पासपोर्ट (अर्धवट भरलेला असला तरी), आणि आईच्या भेटींचं वेळापत्रक. सोशल वर्करच्या वरिष्ठांचा आणि मुलीच्या वकिलाचा नंबरही मागा. हो, तिला स्वतःचा वकील असतो. काही मुलांना कोर्टाकडून कासा नावाचा स्वयंसेवकही मिळतो, जो फक्त त्या एका मुलासाठी बोलतो. ही पद्धत १९७७ मध्ये सिअॅटलला एका न्यायाधीशांनी सुरू केली, कारण कागद वाचून मुलांचं आयुष्य ठरवताना त्यांना झोप लागेना. तुमच्या मुलीला कासा नेमलेला नसेल तर मागून घ्या. तपासणीसाठी डॉक्टर आणि डेंटिस्टची वेळ पहिल्याच आठवड्यात घ्या, पहिल्या तीस दिवसांत दोन्ही व्हायला हवं.

पैशांचं थोडक्यात. मूळ दराने महिन्याला हजार डॉलरहून जास्त मिळतात, मुलीच्या गरजा जास्त असतील तर दर वाढतो, कपड्यांसाठी वेगळी रक्कम काउंटीनुसार. हे पैसे तिच्या खर्चासाठी असतात. ते तुमचं उत्पन्न धरलं जात नाही, त्यावर केंद्रीय आयकर नाही. ती वर्षातला अर्ध्याहून जास्त काळ तुमच्याकडे राहिली तर कराच्या विवरणात तिला अवलंबित म्हणून दाखवता येऊ शकतं, सीएला विचारा. औषधपाणी मेडी-कॅलमधून, तुमच्या कंपनीच्या विम्यात तिला घालायची गरज नाही. पाच वर्षांची होईपर्यंत लहान मुलांच्या पोषणाच्या विक योजनेतून दूध-फळं-धान्य मिळतं. तुमचा पगार चांगला आहे म्हणून लाजू नका, हक्क तिचा आहे. हेड स्टार्ट या सरकारी मोफत बालवाडीसाठी फॉस्टर मूल आपोआप पात्र ठरतं. १ सप्टेंबरपर्यंत तिला चार पूर्ण होत असतील तर सरकारी शाळेत ट्रान्झिशनल किंडरगार्टन, म्हणजे किंडरगार्टनच्या आधीचा वर्गही आहे, आणि कागद अपुरे आहेत म्हणून शाळा तिला परत पाठवू शकत नाही.

नोकरीचं मात्र नीट ऐका, कारण आपले लोक ही रजा फार क्वचित घेतात. फॉस्टर मूल घरी येणं हे कायद्याच्या दृष्टीने बाळ होण्यासारखंच आहे. कॅलिफोर्नियाच्या पेड फॅमिली लीव्हमधून तुम्हा दोघांनाही प्रत्येकी आठ आठवड्यांपर्यंत पगाराचा मोठा भाग मिळू शकतो, आणि नोकरी राखून बारा आठवड्यांपर्यंत रजा घ्यायचा हक्क पाच किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीतही आहे, वर्षभर तिथे पुरेसे तास काम केलेलं असेल तर. दोघांनी एकदम न घेता पाठोपाठ घ्या. त्यानंतर डे-केअरसाठी इमर्जन्सी चाइल्ड केअर ब्रिज नावाची योजना आहे. साधारण सहा महिने खर्चाला मदत मिळते, गरज पडल्यास वाढते, आणि जागा शोधून द्यायला माणूसही मिळतो. सोशल वर्कर स्वतःहून सांगेलच असं नाही. "ब्रिज" हा शब्द तुम्ही उच्चारा.

आणखी एक नंबर फ्रीजवर चिकटवा: १-८३३-९३९-३८७७. ही कॅल-फर्स हेल्पलाइन, दिवसरात्र चालू. रात्री अकराला मुलगी किंचाळतेय, वस्तू फेकतेय, तुमचा मुलगा घाबरून रडतोय, अशा वेळी पोलिसांना नव्हे, इथे फोन करायचा. बोलून शांत करतात, गरज पडली तर माणसं घरी येतात.

मंडळात काय सांगायचं? "सध्या आमच्याकडे राहतेय." बस. कुठली, का काढली, आई काय करते, यातलं अक्षरही नाही. सासूबाईंनाही नाही, कारण पुण्याच्या भिशीत पोहोचलेली बातमी फ्रिमॉन्टला परत येते. गणपतीच्या आरतीत ती टाळ वाजवायला लागली की ग्रुपवर दहा जण फोटो टाकतील. दारातच सांगा की हिचा चेहरा कुठेही जाता कामा नये. आरतीला तिला जबरदस्ती नको, आणि तिच्या घरचे चर्चला किंवा मशिदीत जाणारे असतील तर ते तिचं तसंच चालू ठेवायची सोय तुम्ही करायची. ती तुम्हाला हाक काय मारेल, याची काळजी सोडा. मावशी-काका म्हणा म्हणावं. चार दिवसांनी तुमच्या मुलाचं ऐकून "आई" म्हणाली तर दुरुस्त करू नका, पण खऱ्या आईसमोर तो शब्द मिरवूही नका.

भेटींनंतरचा दिवस वाईट जातो. दंगा, ओलं अंथरूण, तुम्हाला चावणं. बऱ्याच फॉस्टर पालकांना यावरून वाटतं की भेटी बंद व्हाव्यात. मला तसं वाटत नाही. आईला सोडून येताना जी मुलगी रडते तिचं आईशी नातं शाबूत आहे. भेटीच्या दिवशी संध्याकाळी क्लास, पाहुणे, बाजार काही ठेवू नका. लवकर जेवण, आंघोळ, झोप.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. सुरुवातीला सगळी यंत्रणा तिला घरी परत पाठवण्यासाठी काम करते, आणि मंजुरी घेताना तुम्हीही त्याला मदत करायचं कबूल केलेलं आहे. आई-वडिलांकडून काढून नेताना मूल तीन वर्षांहून मोठं असेल तर आई-वडिलांना सुधारण्यासाठी साधारण बारा महिने मिळतात. कोर्ट ते अठरापर्यंत आणि काही वेळा चोवीसपर्यंत वाढवतं. दर सहा महिन्यांनी आढावा. मध्येच सॅक्रामेंटोची मावशी किंवा टेक्ससची आजी पुढे आली, तर नातेवाईक म्हणून तिचा आधी विचार होतो. मुलगी मूळ अमेरिकन जमातीची असेल तर १९७८ चा वेगळा कायदा लागू होतो आणि जमातीचं म्हणणंही ऐकलं जातं. घर बदलायचं ठरलं तर एरवी चौदा दिवसांची पूर्वसूचना मिळते, पण धोका असेल तर तेवढीही नाही. परत पाठवणं जमलंच नाही, तर पुढे दत्तक किंवा कायम पालकत्वाचा विषय येतो, आणि तेव्हा इतके महिने सांभाळणाऱ्या घराला वजन असतं. तिने राहावं अशी इच्छा मनात असणं गैर नाही. त्या इच्छेपोटी आईच्या चुका मोजत बसलात तर मात्र मुलीला ते तुमच्या चेहऱ्यावर दिसेल.

मुलाला आत्ताच खरं सांगा: ती किती दिवस आहे ते आपल्याला माहीत नाही, जायची वेळ आली तर आपल्याला आधी सांगतील, आणि तुला राग आला तरी चालेल. राखीच्या दिवशी तिने बांधली तर बांधून घ्यायची.

आणि कोर्टात तुम्ही मुके नाही. प्रत्येक सुनावणीची सूचना मिळण्याचा आणि तिथे बोलण्याचा हक्क कायद्याने तुम्हाला आहे. जेव्ही-२९० नावाचा फॉर्म असतो, त्यात मुलगी कशी झोपते, काय खाते, शाळेत कशी आहे, दात दाखवले का, हे तुम्ही थेट न्यायाधीशांना लिहायचं. तो सुनावणीच्या आठवडाभर आधी दाखल करा. वहीतून उतरवायला तासभर लागेल. काही महिन्यांनी, तिला तुमच्याइतकं कोणी ओळखत नाही अशी वेळ आली, की "डी फॅक्टो पेरंट" म्हणून मान्यता मागता येते, म्हणजे सुनावणीत तुमचं स्थान आणखी पक्कं होतं. ती घाई आत्ता नको. आत्ता फक्त पुढच्या सुनावणीची तारीख विचारून घ्या.